संध्याकाळी हार्ड डिस्क सुटत नाही: दोष सर्चचा की आणखी कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला रामबागेत छोटी प्रेस आहे. लग्न-मुंजीच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, स्मरणिका अशी कामं. विंडोज ११ चे दोन संगणक, आणि जुनी सगळी कामं २ टीबीच्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. "मागच्या वर्षी भावाच्या मुंजीची पत्रिका तुमच्याकडेच छापली होती, तीच काढा" असं गिऱ्हाईक म्हणालं की सर्चमध्ये आडनाव टाकून शोधायचं. रात्री डिस्क घरी न्यायची असते, पण इजेक्ट केलं की 'धिस डिव्हाइस इज करंटली इन यूज' येतं. कंटाळून तशीच ओढली आणि दोनदा 'स्कॅन अँड फिक्स'ची सूचना आली. आता कुणी तरी सांगितलंय की विंडोज सर्च कायमचं बंद करा. करावं का?

लगेच करू नका. यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. डिस्क कोण धरून ठेवतंय, हा पहिला. या डिस्कवर तुम्हाला सर्च हवं ते नेमकं कशासाठी, हा दुसरा. सर्च बंद केल्याने पहिला सुटेलच याची खात्री नाही, दुसरा मात्र नक्की बिघडेल.

आधी 'इन यूज' म्हणजे काय ते पाहू. कोणताही प्रोग्राम फाइल किंवा फोल्डर उघडतो तेव्हा विंडोज त्याला एक हँडल, म्हणजे त्या फाइलीवरची पकड, देते. इजेक्ट म्हटलं की विंडोज सगळ्यांना विचारते, सोडता का? एकाने जरी नाही म्हटलं तर इजेक्ट रद्द. शोध चटकन व्हावा म्हणून फाइलींची सूची (इंडेक्स) आधीच बनवून ठेवणारा विंडोजचा इंडेक्सर, म्हणजे सर्चइंडेक्सर आणि त्याच्या हाताखाली फाइली वाचणारा सर्चप्रोटोकॉलहोस्ट, अशा विनंतीला साधारणपणे मान देतात. ते अडकतात ते बहुधा एखादी मोठी किंवा खराब फाइल वाचत असताना. म्हणून सर्चचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं, पण तपासल्यावर बऱ्याचदा पकडणारा भलताच निघतो.

तो शोधायला काही विकत घ्यावं लागत नाही. इजेक्टला नकार आल्याबरोबर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' आहे, तिथे इव्हेंट आयडीच्या जागी २२५ टाका. कर्नेल-पीएनपी या नावाची नोंद दिसेल आणि तिच्या मजकुरात लिहिलेलं असतं की अमुक प्रोग्रामने, अमुक प्रोसेस आयडीने (चालू प्रोग्रामचा क्रमांक), या उपकरणाचं काढणं थांबवलं. नाव-गाव सगळं. बहुतेक लोकांना ही जागा माहीतच नसते आणि ते इंटरनेटवरचे दहा उपाय एकामागून एक करत बसतात.

हे पाहताना टास्क मॅनेजर मात्र उघडा ठेवू नका. तो चालू असताना यूएसबी डिस्क सुटत नाही, हा विंडोजचा जुना घोळ आहे. 'कोण धरतंय ते बघू' म्हणून तो उघडायचा आणि धरणारा तोच असायचा.

आता २२५ मध्ये कुणाचं नाव निघतं त्यावर पुढचं ठरतं.

एक्सप्लोरर निघालं, तर त्या डिस्कची खिडकी उघडी आहे किंवा प्रिव्ह्यू पेन चालू आहे. खिडक्या बंद करा. तरीही नाही सुटली तर टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्सप्लोरर'वर रीस्टार्ट द्या, आणि मग टास्क मॅनेजर बंद करून इजेक्ट करा.

डीएलएलहोस्ट, म्हणजे कॉम सरोगेट, निघालं तर गोष्ट जास्त रंजक आहे. फोल्डरमध्ये फाइलींची छोटी चित्रं दिसतात ती तयार करायचं काम बऱ्याचदा हा करतो. अर्धवट कॉपी झालेली पीडीएफ किंवा बिघडलेली कोरलड्रॉची फाइल वाट्याला आली की तो तिथेच घुटमळतो आणि फाइल सोडत नाही. एकाच फोल्डरमध्ये गेल्यावर रोज हेच होत असेल, तर त्या फोल्डरमधली खराब फाइल शोधून बाजूला काढा. तोवर व्ह्यूमध्ये आयकॉनऐवजी डिटेल्स ठेवा, म्हणजे चित्रं बनवायची वेळच येत नाही.

कोरलड्रॉ किंवा ॲक्रोबॅट निघालं आणि तुम्ही म्हणालात, "पण मी फाइल तर केव्हाच बंद केली!", तर तुमचंही खरं आणि विंडोजचंही. ओपन किंवा सेव्हच्या चौकटीतून डिस्कवरच्या फोल्डरमध्ये गेलात की बऱ्याच प्रोग्रामांचं 'चालू फोल्डर' तेच होऊन बसतं. फाइल बंद झाली तरी फोल्डर हातात राहतो. प्रोग्राम पूर्ण बंद करणं हा साधा उपाय. छापखान्यात कोरल सकाळी उघडतं ते दुकान वाढवेपर्यंत बंद होत नाही, त्यामुळे तुमच्याकडे माझा पहिला संशय यावर आहे, सर्चवर नाही.

एमएसएमपीईएनजी हे डिफेंडरचं नाव. त्याची तपासणी चालू आहे, दोन-चार मिनिटं थांबा.

आणि 'सिस्टिम', प्रोसेस आयडी ४, असं निघालं तर कुठलाही साधा प्रोग्राम बंद करून उपयोग नाही. इथे धरणारा विंडोजच्या गाभ्यातला आहे. कारणं मोजकी असतात: ही डिस्क किंवा तिच्यावरचा फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेला असून दुसऱ्या संगणकावर उघडा आहे, डिस्कवरची एखादी आयएसओ किंवा व्हर्च्युअल डिस्कची फाइल माउंट केलेली, म्हणजे वेगळ्या डिस्कसारखी उघडलेली, आहे, किंवा बाहेरून घेतलेल्या अँटिव्हायरसचा ड्रायव्हर मध्ये आहे. तुमच्याकडे दोन संगणक आहेत. पलीकडच्या टेबलावर त्याच डिस्कवरची पत्रिका उघडी असेल तर इकडे शंभर वेळा इजेक्ट करूनही डिस्क सुटणार नाही. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये 'शेअर्ड फोल्डर्स', त्यात 'ओपन फाइल्स' पाहा, तिथे दिसेल. हा माझा दुसरा संशय.

याशिवाय दोन लपलेले गिऱ्हाईक असतात. फाइल हिस्टरीचा बॅकअप याच डिस्कवर लावून ठेवला असेल तर विंडोज ठरावीक वेळाने तिच्यावर लिहीत असते. आणि गूगल ड्राइव्हचा डेस्कटॉप प्रोग्राम यूएसबी डिस्क जोडली की बॅकअप घेऊ का म्हणून विचारतो. तेव्हा सहज 'हो' म्हटलं असेल तर तोही दिवसभर तिच्यात डोकावत राहतो.

समजा २२५ मध्ये खरंच सर्चइंडेक्सर किंवा सर्चप्रोटोकॉलहोस्ट निघालं. खात्रीसाठी एक चाचणी करा: सर्व्हिसेस उघडून 'विंडोज सर्च'वर स्टॉप द्या आणि लगेच इजेक्ट करा. सुटली तर इंडेक्सर दोषी, नाही सुटली तर निर्दोष. सर्व्हिस पुन्हा चालू करायला विसरू नका. ही चाचणी आहे, उपाय नाही. जुन्या (क्लासिक) आउटलुकमधला शोध याच सर्व्हिसवर चालतो आणि स्टार्ट मेनूतला शोधही लंगडा होतो. त्याशिवाय अपडेटनंतर ती कधी पुन्हा सुरू झाली तर तुमच्या लक्षातही यायचं नाही.

खरा उपाय म्हणजे फक्त ही डिस्क इंडेक्समधून काढणं. विंडोज मुळात सगळं इंडेक्स करत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे तुमचे फोल्डर आणि स्टार्ट मेनू, एवढ्यावर ती थांबते. एक्स्टर्नल डिस्क तिच्यात शिरते ती दोन दारांनी. कुणीतरी डिस्कवरचा फोल्डर लायब्ररीत जोडलेला असतो किंवा इंडेक्सच्या जागांत हाताने टाकलेला असतो, हे एक दार. दुसरं म्हणजे सेटिंग्जमध्ये क्लासिकऐवजी 'एन्हान्स्ड' निवडलेलं असतं. एन्हान्स्ड म्हणजे संपूर्ण संगणक, आणि यूएसबीची हार्ड डिस्क विंडोजला पेन ड्राइव्हसारखी न दिसता बऱ्याचदा 'लोकल डिस्क' म्हणून दिसते, त्यामुळे तीही त्यात ओढली जाऊ शकते.

स्टार्टमध्ये 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' टाइप करा, मॉडिफाय दाबा, यादीत तुमच्या डिस्कपुढची खूण काढा, ओके. एन्हान्स्ड असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे सर्चचं पान. एक तर क्लासिकवर या किंवा वगळलेल्या फोल्डरांच्या यादीत ही डिस्क टाका. अपडेटप्रमाणे पानाचं नाव थोडं वेगळं दिसेल. लायब्ररीत जोडलेला फोल्डरही काढा, नाहीतर तो पुन्हा आत येतो.

डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अलाऊ फाइल्स ऑन धिस ड्राइव्ह टू हॅव कंटेंट्स इंडेक्स्ड' अशी एक चौकट आहे. ती काढा असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. मी तुम्हाला सांगणार नाही. ती काढली की विंडोज डिस्कवरच्या एकेका फाइलवर तशी खूण करत जाते. लाखभर फाइली असतील तर ते बराच वेळ चालतं, आणि त्या काळात तर डिस्क नक्कीच सुटणार नाही. शिवाय त्याने थांबतं ते फाइलींच्या आतल्या मजकुराचं इंडेक्सिंग. जागांच्या यादीतून डिस्क काढणं स्वच्छ आणि क्षणात होणारं काम आहे.

आता दुसरा प्रश्न. इंडेक्समधून काढली तर पत्रिका शोधायची कशी? एक्सप्लोररमध्ये शोध तेव्हाही चालतो, पण तो फोल्डर न् फोल्डर पालथा घालत जातो. २ टीबीच्या डिस्कवर गिऱ्हाईक चहा पिऊन परत जाईल. पण त्याआधी हे तपासा की इंडेक्स असतानाही तुम्हाला फाइलीच्या आतला मजकूर कधी सापडत होता का. मला वाटतं, नव्हता. त्याचं कारण आपल्या लिपीत आणि फाँटांत आहे.

कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या जुन्या फाँटांत केलेलं काम युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) नसतं. कृतिदेवमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलमध्ये साठलेलं असतं इंग्रजीचं 'डी' हे अक्षर. फाँट फक्त त्या अक्षराला 'क'चा चेहरा लावतो. अशी फाइल इंडेक्सरने कितीही मन लावून वाचली तरी तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेलं 'कुलकर्णी' त्याला सापडणं शक्य नाही. त्यातून बनवलेल्या पीडीएफमध्येही आत तीच इंग्रजी खिचडी असते. आणि छपाईला देताना मजकूर कर्व्हमध्ये बदलला असेल तर अक्षरं उरतच नाहीत, आकृत्या होतात. म्हणजे तुमचा इंडेक्सर दिवसभर डिस्क घासून जे गोळा करतो त्यातलं तुमच्या कामाचं फारसं काही नाही. खरं काम करतंय ते फाइलीचं नाव.

नावातही एक मराठी खोच आहे. 'कऱ्हाडे' हे आडनाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे न दिसणारा एक जोडचिन्हाचा कोड. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. एका संगणकावर एक कीबोर्ड आणि दुसऱ्यावर दुसरा असेल तर निम्मी 'कऱ्हाडे' सापडतील, निम्मी नाहीत. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंकांचंही तेच. दोन्ही संगणकांवर एकच कीबोर्ड लावा आणि फाइलीच्या नावाचा एक साचा ठरवा: आधी वर्ष-महिना, मग कार्य, मग आडनाव, मग गाव किंवा मोहल्ला. जुन्या फाइली सगळ्या बदलत बसू नका. ज्या पुन्हा उघडाल त्यांचं नाव तेव्हा नीट करा.

आणि नावंच शोधायची असतील तर 'एव्हरीथिंग' हा छोटा मोफत प्रोग्राम विंडोजच्या सर्चपेक्षा सरस आहे. एनटीएफएस (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची विंडोजची पद्धत) डिस्कवर तो फाइली उघडून वाचत नाही, डिस्कची फाइल-सूचीच वाचतो, त्यामुळे लाखो नावंसुद्धा चटकन हाताशी येतात. त्याच्या ऑप्शन्समध्ये इंडेक्सेस, त्यात एनटीएफएसच्या पानावर ऑफलाइन व्हॉल्यूम आपोआप काढून टाकायची खूण असते. ती काढून ठेवा, म्हणजे डिस्क जोडलेली नसतानाही 'ही पत्रिका त्या डिस्कवर या फोल्डरमध्ये आहे' एवढं कळतं. मात्र तुमची डिस्क एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट केलेली असेल तर ही चलाखी चालत नाही. तिथे फोल्डर इंडेक्स म्हणून ती जोडावी लागते आणि पहिल्यांदा वेळ लागतो. डिस्क कोणत्या प्रकारची आहे ते प्रॉपर्टीजमध्ये 'फाइल सिस्टिम'समोर दिसेल. त्यावर पुढचंही बरंच अवलंबून आहे.

पुढचं म्हणजे ओढल्यावर काय बिघडतं. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, बाहेरच्या डिस्कसाठी मूळ धोरण 'क्विक रिमूव्हल' आहे. यात विंडोज लिहायचं काम स्वतःच्या मेमरीत साठवून ठेवत नाही. त्यामुळे काही जण म्हणतात की इजेक्टची गरजच नाही. अर्धं खरं आहे. लिहिणं चालू असताना ओढलं तर या धोरणातही फाइल अर्धी राहते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीजमध्ये कुणी 'बेटर परफॉर्मन्स' (लिहायचं काम मेमरीत साठवून ठेवणारं धोरण) करून ठेवलंय का ते पाहा. तसं असेल तर न विचारता ओढणं म्हणजे जुगार. एनटीएफएस आपल्या बदलांची रोजनिशी ठेवते, म्हणून झटका बसला तरी तिची रचना बहुधा सावरते. ती सावरते रचना, तुमच्या फाइलीतला मजकूर नव्हे. एक्सफॅटमध्ये अशी रोजनिशीच नाही, तिथे फोल्डरच्या फोल्डर गायब झालेले दिसू शकतात.

आणि आत फिरत्या तबकड्या असतील तर आणखी एक गोष्ट. अडीच इंची डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेतात. वीज अचानक तोडली की वाचणाऱ्या डोक्यांना घाईघाईने जागेवर परतावं लागतं. नीट इजेक्ट केल्यावरही दिवा विझून आतली घरघर थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद थांबा, मगच उचला. स्कूटरच्या डिकीत टाकायची असेल तर मऊ पिशवीत. एसएसडी असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

तरीही सुटली नाही आणि दुकान बंद करायचंय, तर संगणक बंद करून डिस्क काढणं सगळ्यात सुरक्षित. फक्त शिफ्ट दाबून धरा आणि मग शटडाउनवर क्लिक करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर साध्या शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपवून ठेवलेला असतो. तुम्ही तीच डिस्क घरी दुसऱ्या संगणकाला लावणार, म्हणून शिफ्ट महत्त्वाचं.

संगणक बंद करता येत नसेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये खालच्या भागात 'डिस्क १' किंवा जो आकडा असेल त्या करड्या चौकटीवर उजवं क्लिक करून ऑफलाइन करता येतं. पण आधी आकार बघून तीच डिस्क असल्याची खात्री करा. तिच्यावर कुणाची फाइल उघडी असेल तर त्यातलं न साठवलेलं काम जाईल. सकाळी त्याच संगणकाला जोडली की डिस्क दिसणार नाही, कारण ती ऑफलाइनच राहिलेली असते. घाबरू नका, तिथेच जाऊन ऑनलाइन करा. 'डिस्क मेली' म्हणून धावाधाव होते ती इथेच.

'स्कॅन अँड फिक्स' दोनदा आलं म्हणालात, त्याबद्दल. डिस्कमधून टकटक आवाज येत नसेल आणि फाइली नेहमीच्या वेगाने उघडत असतील, तर दुरुस्ती होऊ द्या. त्यानंतर डिस्कवर 'फाउंड' आणि तीन शून्यं अशा नावाचा लपलेला फोल्डर आला असेल तर तो बघितल्याशिवाय पुसू नका, तुटलेल्या फाइलींचे तुकडे त्यात ठेवलेले असतात. आवाज येत असेल किंवा डिस्क अडखळत असेल तर दुरुस्ती अजिबात चालवू नका. आधी महत्त्वाचं दुसरीकडे कॉपी करा. मरणाऱ्या डिस्कला दुरुस्ती म्हणजे तासन्‌तास व्यायाम.

कधी कधी इजेक्ट न करताच डिस्क आपोआप निघून परत येत असेल, तर तो प्रकार वेगळा, विजेचा. यूएसबी २ च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ कडून ९००. लांब केबल, कॅबिनेटचा पुढचा पोर्ट किंवा बिनविजेचा हब असेल तर फिरायला लागतानाच डिस्कचा दम जातो. मागच्या पोर्टला लावून पाहा. फरक पडला नाही तर जेल रोडवरून आखूड केबल आणा.

घरचा संगणक मॅक असेल तर एवढंच: तिथला इंडेक्स स्पॉटलाइटचा. विंडोज आपला इंडेक्स सी ड्राइव्हवर ठेवते, स्पॉटलाइट तो डिस्कवरच एका लपलेल्या फोल्डरमध्ये लिहितो. स्पॉटलाइटच्या प्रायव्हसीच्या यादीत डिस्क टाकली की तो तिला हात लावत नाही. एनटीएफएस डिस्क असेल तर मॅक मुळात ती फक्त वाचतो, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

तर आज संध्याकाळी असं करा. दुसऱ्या संगणकावरून डिस्कवरच्या फाइली बंद, कोरल पूर्ण बंद, एक्सप्लोररच्या खिडक्या बंद, मग इजेक्ट. नाही सुटली तर ओढू नका. इव्हेंट व्ह्यूअरमधली २२५ ची नोंद उघडून प्रोग्रामचं नाव आणि प्रोसेस आयडी टिपून घ्या आणि शिफ्ट धरून शटडाउन. तीन-चार दिवसांच्या नोंदी इथे टाका. नाव रोज तेच असेल तर उत्तर सोपं आहे. रोज वेगळं निघालं तर अँटिव्हायरस कोणता आहे आणि डिस्क कोणत्या पोर्टला लावता, हेही सोबत लिहा.